अनुराधपूरला नेलेली पांढरी पिशवी

लंकेहून आल्यापासून शाळेत, दुधाच्या बूथवर, रिक्षा स्टँडवर जो भेटेल तो विचारतो, "मॅडम, काय काय पाहिलं?" लोकांना समुद्र, हत्ती आणि चहाचे मळे ऐकायचे असतात. ते सगळं मी पाहिलं. एक हत्ती तर रस्त्याच्या कडेला उभा राहून टोलनाक्यावरच्या माणसासारखा प्रत्येक बस अडवत होता. केळी दिली की सोडायचा. पण आमच्या प्रवासाची खरी हकिकत सांगायची तर मला कॉलनीतल्या पिठाच्या गिरणीपासून सुरुवात करावी लागते. त्याला माझा इलाज नाही.

आम्ही आडगाव नाक्याच्या अलीकडे राहतो. माझे सासरे, सगळ्यांचे नाना, ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. उभा जन्म विमानं जोडण्यात गेला आणि विमानात बसायचं तेवढं राहून गेलं. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःचा आणि सासूबाईंचा पासपोर्ट काढून घेतला. दुबई-सिंगापूरचं त्यांच्या डोक्यात नव्हतं. लंकेतल्या अनुराधपूरला जायचं, तिथल्या बोधिवृक्षाजवळ बसून वंदना म्हणायची आणि तिथल्या एखाद्या भंतेजींना आपल्या हातचं चीवर द्यायचं, एवढी एकच इच्छा. चीवर म्हणजे भिक्खूंचं अंगावरचं वस्त्र. ते विकत मिळतं, पण नानांना तयार नको होतं. आमच्या विहारातल्या भंतेजींकडून त्यांनी मापं समजून घेतली, मेनरोडवरून कापड आणलं आणि हॉलच्या फरशीवर पसरून, गुडघ्यावर बसून, विमानाचा पत्रा कापावा तितक्या जपून कापलं. शिवायचं काम सासूबाईंचं. चीवर अखंड कापडाचं नसतं, शेताला बांध घातल्यासारखे तुकडे एकमेकांना जोडावे लागतात. निम्मे तुकडे जोडून झाले होते आणि नाना एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच गेले.

उरलेलं सासूबाईंनी एकट्यानं शिवलं. शिलाई मशीनचा आवाज मधेच थांबायचा आणि बराच वेळ थांबलेलाच राहायचा. आम्ही कुणी आत जायचो नाही.

म्हणून यंदा विहारातल्या मंडळींची लंकेची सहल ठरली तेव्हा सासूबाईंनी कुणाला विचारलंच नाही, सांगितलं. "मला जायाचंय. त्यांचं चीवर पोचवते, मग माझं काय बी होवो."

माझ्या नवऱ्याला रजा मिळेना. मी महापालिकेच्या शाळेत शिकवते, मला मे महिन्याची सुट्टी. सोबतीला माझं नाव आपोआप लागलं.

गुंडाळ्या आणि गाठोडी

मी जरा शिस्तीची बाई आहे. घरातले लोक ह्याला दुसरा शब्द वापरतात, तो असो. बॅग कशी भरावी ह्यावरचे व्हिडिओ मी पंधरा दिवस आधीपासून पाहत होते. एक बाई प्रत्येक कपड्याची घट्ट गुंडाळी करून महिनाभराचा संसार एका दप्तरात बसवून दाखवते. मीही पलंगभर गुंडाळ्या करून ठेवल्या.

सासूबाईंचं मूळ गाव दिंडोरीजवळचं. त्यांच्या लेखी सामान बांधायचं म्हणजे जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गाठोडं बांधायचं. औषधांचं एक, पांढऱ्या साड्यांचं एक, नऊवारीतून पाचवारीत आल्यावर जुनी लुगडी फाडून केलेल्या रुमालांचं एक.

"आई, गाठोड्यांनी जागा फुकट जाते," मी म्हणाले.

"जाऊ दी. जागा काय तुझ्या बापाची हाय का?"

सहलीचे पुढारी वाघमारे सर, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर सूचनांचा पाऊस पाडला होता. पांढरे कपडे घ्या. चपला पटकन निघतील अशा घ्या. बॅग वीस किलोच्या वर गेली तर विमानतळावर मी ओळख दाखवणार नाही. लंकेतल्या मिहिंतलेच्या डोंगराला पुष्कळ पायऱ्या आहेत हेही त्यांनीच कळवलं. तेव्हापासून सासूबाई मला रोज सकाळी त्रिरश्मी लेण्यांवर, लोक ज्यांना पांडवलेणी म्हणतात तिथे, घेऊन जाऊ लागल्या. गुडघ्यांना पट्टे बांधून, दर टप्प्यावर बसून, पण वर जायच्याच. वर पोचल्या की लेण्याच्या गार ओट्यावर बसून खाली पसरलेलं नाशिक बघायच्या आणि म्हणायच्या, "एवढं जमलं तर तिकडलं बी जमल." माझेच पाय दुखायचे, पण ते बोलायची सोय नव्हती.

चीवरासाठी त्यांनी मांजरपाटाची पांढरी पिशवी शिवली, तोंडाला नाडी ओवली. विहारात भंतेजींनी त्यावर परित्राणपाठ, म्हणजे रक्षणाची सूत्रं, म्हटला. सासूबाईंनी नाडीला गाठ मारली आणि जाहीर केलं, "आता ही गाठ अनुराधपूरलाच सुटायची."

पोपटभाऊंचा काटा

बॅगेचं वजन करायचं तर घरात काटा नाही. कॉलनीत मोठा काटा एकच, पोपटभाऊंच्या गिरणीत. तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी मी आणि सासूबाई बॅग ओढत तिथे गेलो.

मे महिना म्हणजे गिरणीला श्वास घ्यायला फुरसत नसते. डब्यांची रांग लागलेली, पट्टा फडफडतोय, पोपटभाऊ भुवयांपर्यंत पांढरे. आमची बॅग पाहून दळणाला आलेल्या सगळ्या बायका गोळा झाल्या. बॅग काट्यावर चढली आणि आकडा वीसच्या पुढे गेला.

"काढा, काढा, काही तरी काढा," पोपटभाऊ ओरडले. यंत्राच्या आवाजात त्यांना साधं बोलणं माहीत नाही.

दळणाच्या डब्यांच्या ओट्यावरच बॅग उघडली. गाठोडी बाहेर आली, पांढरी पिशवी बाहेर आली, माझ्या गुंडाळ्या बाहेर आल्या. जिला जे सुचेल ते ती काढायला सांगत होती. "चिवडा कशाला?" "दोन टॉवेल कशाला, एकीनं अंघोळ केली की दुसरीनं पुसावं." नाक्यावर भाजी विकणाऱ्या कौसाबाई तेवढ्यात घाईघाईनं आल्या. त्या कळवणकडच्या, आवाज खणखणीत. "पोपटभाऊ, माझं दळण झालं का? रिक्षा थांबलीय, उशीर झाला मला." आपलं दळण उचलून, आम्हाला "नीट जा गं बायांनो" म्हणून त्या निघूनही गेल्या.

आम्ही चिवडा आणि एक टॉवेल काढला, बाकी सगळं परत भरलं. पांढरी पिशवी सासूबाईंनी स्वतः उचलून आत ठेवली. ठेवताना त्यांचा हात तिच्यावर थोडा जास्तच वेळ राहिला आणि डोळे भरून आले. पीठ उडतंय, गेलं असेल डोळ्यात, असं मला वाटलं.

बॅग पुन्हा काट्यावर चढवली तर आकडा खाली येण्याऐवजी आणखी वर गेला.

"पोपट, तुझा काटा खोटा हाय," सासूबाई म्हणाल्या.

हा घाव पोपटभाऊंच्या वर्मी बसला. "आजी, ह्या काट्यावर अख्ख्या कॉलनीचं दळण मोजतो मी! कुणी बोट दाखवलं नाही आजवर."

शेवटी मी माझे चालायचे बूट, एक जाड पुस्तक आणि शेकायची रबरी पिशवी काढली तेव्हा कुठे काटा माणसात आला. नाना असते तर हे असं झालं नसतं. कारखान्यातली त्यांची सवय होती, काम उघडलं की बाहेर काढलेली एकेक वस्तू फडक्यावर मांडायची आणि झाकण लावण्याआधी ती पुन्हा तपासायची. विमानात पान्हा विसरला तर काय होईल, हे ते जेवताना सुद्धा समजावून सांगायचे. आम्ही मात्र पाच बायकांच्या दहा हातांनी बॅग भरली आणि चेन लावली. घरी आल्यावर मी तिला प्लॅस्टिकचं कव्हर घालून चिकटपट्टी मारली. माझ्या शिस्तीचा मला फार अभिमान वाटला.

लंकेत

मुंबईपर्यंतची बस आणि विमानतळावरच्या रांगा ह्यांत सांगण्यासारखं काही नाही. विमानात मात्र सासूबाईंना खिडकी मिळाली. विमान वर चढलं तशी त्यांनी भिंतीवर तळवा टेकवला, गावाकडच्या म्हशीच्या पाठीवर टेकवावा तसा. मला पंख हलताना दिसला आणि मी सीटचा पट्टा घट्ट आवळला.

"हालू दी," त्या म्हणाल्या. "हालायलाच पायजे. ते सांगायचे."

मग बराच वेळ त्या पंखाकडेच पाहत होत्या.

कोलंबोला उतरल्यावर पहिलं काय नजरेत भरलं असेल तर चौकाचौकांतले बुद्ध. आपल्याकडे पारावर मारुती असतो तसे तिथे काचेच्या देव्हाऱ्यात बुद्ध, पुढे ताजी फुलं. रिक्षावाला सिग्नलला थांबला की हात जोडतो. आमच्या घरात, आमच्या गल्लीत आम्ही बौद्ध. इथे अख्खा रस्ता बौद्ध. सासूबाई बसच्या खिडकीतून प्रत्येक मूर्तीला हात जोडत होत्या, तासाभरानं हात दुखायला लागले तेव्हा नुसती मान लववू लागल्या.

सकाळच्या नाश्त्याला तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या शेवयांच्या चकत्या आल्या, सोबत नारळाची लाल चटणी. वाघमारे सर तिचं तिथलं नाव पाठ करत होते. सासूबाईंनी एक घास घेतला आणि निकाल दिला, "ही तर कुरडई हाय. ह्यांनी वाळवायच्या आधीच खाऊन टाकली."

भाषेचं मला वाटलं होतं तेवढं अडलं नाही. मी आमचा गाईड निमल ह्याच्याशी इंग्रजीत बोलायचे. सासूबाई सगळ्यांशी मराठीत बोलायच्या आणि लोक त्यांना सिंहलीत उत्तर द्यायचे, दोघांनाही काही कमी पडत नसे. आणि एका देवळाच्या आवारात शाळेच्या मुली पंचशील म्हणत बसल्या होत्या, तेच पाली शब्द, चाल तेवढी वेगळी. सासूबाई त्यांच्या रांगेच्या टोकाला जाऊन बसल्या आणि म्हणू लागल्या. मुलींनी वळून पाहिलं, हसल्या, आणि आजींना जमावं म्हणून चाल जरा हळू केली. मला तिथे रडू आलं. का आलं ते नीट सांगता येणार नाही. आपलं घरातलं काही तरी परक्या मुलखात कुणी जपून ठेवलेलं सापडावं, तसं वाटलं.

मिहिंतलेच्या पायऱ्या सासूबाई चढल्या. लेण्यांवरची तालीम कामाला आली. वाघमारे सर मात्र अर्ध्यावर बसले आणि "तुम्ही व्हा पुढे, मी सामान सांभाळतो" म्हणाले. सामान बसमध्ये होतं.

अनुराधपूर

तिथे पायांत काही घालायचं नाही, डोक्यावर काही घ्यायचं नाही. मे महिन्याचं ऊन आणि खाली फरशी. आमची पांढरी वरात टाचा उचलत, सावली ते सावली उड्या मारत चालली होती. आजूबाजूचे लंकेतले लोक त्याच फरशीवरून हातात कमळं घेऊन शांतपणे चालले होते.

बोधिवृक्ष उंच चौथऱ्यावर आहे, सोनेरी कठड्यात. मला वाटलं होतं भलामोठा वड-पिंपळ असेल. आहे तो अगदी बारीक अंगाचा, म्हातारा, फांद्यांना खालून सोनेरी टेकू दिलेले. सासूबाई द्राक्षांच्या गावच्या. "वेलीला देतात तसा आधार दिलाय," त्या हळूच म्हणाल्या. वंदना झाली. एक पान वाऱ्यानं खाली आलं आणि चार-पाच जणी एकदम पुढे धावल्या. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांचं सगळं लक्ष मांडीवरच्या पांढऱ्या पिशवीत होतं. ती जरा जड लागते म्हणत होत्या, पण दुसऱ्या कुणाच्या हातात देत नव्हत्या.

चीवर द्यायचं ठरलं होतं ते आम्ही उतरलो होतो त्या धर्मशाळेला लागून असलेल्या छोट्या विहारात. तिथले भंते चांगले वयस्कर, कातडी सुरकुतलेली, डोळे मिश्कील. आम्ही सगळे समोर चटईवर बसलो. त्रिसरण झालं, पंचशील झालं. मग सासूबाई गुडघ्यांवर पुढे सरकल्या. गाठ नखानं सोडवली. नाडी सैल केली आणि आत हात घातला.

हात बाहेर आला तो मनगटापर्यंत पांढरा.

 सासूबाईंनी पिशवीचं तोंड मोठं केलं. आत पीठ होतं. त्यांनी चिमूट नाकाशी नेली.

"ज्वारी हाय," त्या म्हणाल्या.

मला गिरणीचा ओटा दिसला, त्यावरच्या आमच्यासारख्याच नाडीच्या, पिठानं पांढऱ्या झालेल्या पिशव्या दिसल्या, वर चढणारा काटा दिसला आणि "रिक्षा थांबलीय" म्हणत दळण उचलणाऱ्या कौसाबाई दिसल्या. 

सासूबाई माझ्याकडे वळल्या. आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "त्या दिशी पिशवी हाताला गरम लागली गं. मला वाटलं, त्यांनीच हात ठेवला. म्हणून मी बोलले नाही कुणाला."

ताजं दळलेलं पीठ गरमच असतं. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? चाळीस वर्षं दळणं आणली त्यांनी. मी त्यांना जवळ घेतलं. 

निमलनं सगळा प्रकार भंतेंना सांगितला. वाघमारे सर उठले, म्हणाले, "रस्त्यावर चीवरांची दुकानं आहेत. पाच मिनिटांत आणतो. दान महत्त्वाचं, कापड कुठलं हे महत्त्वाचं नाही." ते चुकीचं बोलत नव्हते. मीही तेच म्हणाले.

"आणा," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या नावानं द्या. माझं नका धरू. ते त्यांनी कापलेलं नसंल."

 वंदना अर्धवट सोडून आम्ही उठलो. सासूबाई खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या.

कौसाबाईंची परवानगी

मी नवऱ्याला फोन लावला. तो कामावरून तडक गिरणीत गेला, तिथून नाक्यावर आणि मग कौसाबाईंबरोबर त्यांच्या घरी. संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला, पडद्यावर कौसाबाई आणि मागे विकून उरलेल्या कोथिंबिरीच्या जुड्या.

"अगं बाई, मी भाकरी करायला पिशवी सोडते तर आत हे!" त्या गिरणीत बोलतात त्याच पट्टीत बोलत होत्या. "पोपटभाऊला इचारलं, कुणाचं हाय. त्याला नाय माहीत. तुमच्या लोकांचं वाटलं म्हणून इहाराकडे गेले, तर तिथं कुलूप. सगळ्याच लंकेला! मग मी देवाजवळ नेऊन ठेवलं. पिठाचा हात लागू दिला नाय, बघा."

त्यांनी फोन घरातल्या देव्हाऱ्याकडे नेला. त्यांच्या देवांशेजारी पाटावर नानांचं चीवर होतं, घडी जशीच्या तशी. समोर उदबत्ती लावलेली.

सासूबाई उठून बसल्या. पदरानं डोळे पुसून त्यांनी पडद्याला हात जोडले. मग म्हणाल्या, "कौसाबाई, तुझं पीठ हितं हाय माझ्याकडं."

"आता त्याचं काय करता, खाऊन टाका. लय गोड ज्वारी हाय, भावानं पाठवलीय."

"तसं नाय. मला ते पायजे. उद्या भंतेजींना जेवू घालायचंय त्याचं. पण पीठ तुझं. तू दिल्याबिगर मला घेता यायचं नाय." रोज सकाळी पंचशील म्हणताना न दिलेलं घेणार नाही असं आम्ही म्हणतो. मी ते पाठ म्हणते. सासूबाई ते पाळत होत्या, पाचशे कोसांवरून म्हणा की समुद्रापलीकडून म्हणा, मूठभर पिठासाठी.

कौसाबाईंनी डोक्यावर पदर घेतला.  मग हळू आवाजात म्हणाल्या, "दिलं, आजी. मनापासून दिलं."

कुसुमच्या चुलीवर

भिक्खूंचं जेवण दुपारच्या आत व्हावं लागतं. सकाळीच आम्ही धर्मशाळेच्या स्वयंपाकघरात शिरलो. तिथली मुख्य बाई कुसुम, सासूबाईंपेक्षा थोडी लहान, कमरेला कापड गुंडाळलेली. पीठ दाखवल्यावर तिनं बोट लावून चाखलं आणि नाचणीचा डबा काढून दाखवला. त्यांच्याकडे नाचणीत नारळाचा कीस घालून रोटी करतात. आमच्या पेठ-सुरगाण्याकडची माणसं ती नाचणी पाहून खूश झाली असती, नारळ पाहून बुचकळ्यात पडली असती.

सासूबाईंना धास्ती होती की पिठाची विरी गेली असेल. जुन्या पिठाला चिकटपणा राहत नाही, भाकरी चिरते. त्यांनी उकळीचं पाणी मागितलं, हातानं उकळी कशी फुटते ते करून दाखवलं. पहिली भाकरी तव्यावर टाकताना मधून फाटली. दुसरीचे काठ चिरले. तिसऱ्या भाकरीला त्यांनी पीठ बराच वेळ मळलं, परातीत फिरवत थापली, आणि ती टम्म फुगली. कुसुमनं टाळी वाजवली. मग तिनंही थापून पाहिली. तिची भाकरी आपल्या नकाशावरच्या लंकेच्या आकाराची झाली आणि दोघी पोट धरून हसल्या. आदल्या दिवसापासून सासूबाई पहिल्यांदा हसत होत्या.

"ह्यांना असली लागायची," त्या म्हणाल्या, "कडा खरपूस." कुसुमला एक अक्षर कळलं नसणार. तिनं मान हलवली आणि जाळ थोडा वाढवला.

भंतेंच्या पात्रात भात होता, फणसाची भाजी होती, डाळ होती. सासूबाईंनी दोन्ही हातांनी भाकरी ठेवली. भंतेंनी तुकडा मोडला, भाजीला लावला आणि खाल्ला. मग दुसरा. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. संपूर्ण भाकरी संपली आणि त्यांनी पात्र जरासं पुढे केलं. सासूबाईंनी आणखी अर्धी वाढली.

जेवणानंतर त्यांच्याकडची एक रीत मी पहिल्यांदा पाहिली. वाटीत एका भांड्यातून पाणी ओतायचं, भिक्खू पाठ म्हणत असतात, वाटी भरते, काठावरून वाहते, तरी ओतत राहायचं. गेलेल्या माणसापर्यंत पुण्य असं पोचावं म्हणून. सासूबाई ओतत होत्या. पाणी वाटीतून ताटात आलं. त्या "नाना" म्हणाल्या नाहीत, नवऱ्याचं नाव त्यांनी आयुष्यात घेतलं नव्हतं. ते त्या दिवशी घेतलं, पुटपुटत, "पांडुरंग". मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आणि कौसाबाई बी."

भंते निमलकडे वळून काही तरी म्हणाले. निमलनं मला इंग्रजीत सांगितलं, मी सासूबाईंना मराठीत. "ते विचारतायत, तुम्ही नाशिकच्या ना? तुमच्या डोंगरात भिक्खूंसाठी कोरलेली लेणी आहेत म्हणे. मग चीवर एवढ्या लांब कशाला आणत होता? तिथेही भिक्खू येतातच. भाकरी इकडे पोचली, चीवर तिकडे द्या."

सासूबाईंनी ओल्या हातानं पदर सावरला. मग म्हणाल्या, "ते आमच्या ह्यांना विचारायला पायजे होतं." आणि मिश्कील डोळ्यांच्या त्या म्हाताऱ्याला त्यांनी तीनदा वाकून नमस्कार केला.

नाशिक

परत आलो आणि चारच दिवसांत वैशाख पौर्णिमा. लेण्यांच्या पायथ्याशी त्या दिवशी मोठी वंदना असते, बाहेरगावचे भंते येतात.

सकाळी कौसाबाई चीवर घेऊन दारात हजर. अंगावर पांढरी साडी, कुणाची तरी मागून आणलेली, ब्लाउज तेवढा हिरवा. "जयभीम, आजी," त्या जरा अवघडून म्हणाल्या. "मी बी येऊ का? माझं पीठ तिकडं गेलं, मी इथवर तरी येते."

ह्या वेळी बॅग मी भरली नाही. सासूबाईंनी हॉलमध्ये फडकं पसरलं, नाना पसरायचे तसंच. त्यावर चीवर ठेवलं, उलगडलं, एकेक शिवण बोटानं तपासली, पुन्हा घडी घातली आणि पिशवीत ठेवलं. पिशवी कौसाबाईंची, लंकेला पीठ घेऊन जाऊन आलेली, धुतलेली. नाडीला गाठ मारली.

आम्ही तिघी रिक्षात बसलो. पिशवी सासूबाईंच्या मांडीवर. द्वारका सर्कल मागे पडलं, मुंबई नाका मागे पडला, आणि त्या एकदम ताठ झाल्या.

"सूनबाई, हात लाव बरं."

मी पिशवीवर तळवा ठेवला. ती गरम होती.

कौसाबाईंनीही हात लावला आणि घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी धावत्या रिक्षात गाठ सोडली, आत पाहिलं, हात घातला, कापडाची शिवण बोटाला लागली.

"चीवरच आहे, आई."

"मग असू दी," सासूबाई म्हणाल्या, आणि दोन्ही हात त्या पिशवीवर ठेवून पुढे डोंगराकडे पाहत बसल्या. घरापासून त्यांच्या बाजूनं रिक्षात थेट ऊन येत होतं. ते मला दिसत होतं, कौसाबाईंनाही दिसत होतं. आम्ही दोघी काही बोललो नाही.